निमताना

माझे वडील भूमि-अभिलेख खात्यात निमतानदार होते, आणि ज्या कामात मी माझी उमेदीची वर्षे घालविली त्याविषयी काही सांगावयाचे तर आरंभ तेथूनच करावा लागतो. कारण मेसॉन नावाच्या कणाच्या अंतरंगाचा शोध घेण्याची जी रीत मी सातासमुद्रांपलीकडील एका प्रयोगशाळेत शिकले, तिचा पहिला धडा सातारा जिल्ह्यातील एका शेताच्या कडेला, वडिलांच्या सायकलीला टेकून उभी असताना मी ऐकलेला होता, हे मला फार उशिरा उमगले. निमतानदार हा शब्द आता खात्याबाहेर फारसा कोणाच्या कानी पडत नाही. भूमापकाने जमीन मोजून हद्दी कायम केल्या आणि त्या मोजणीने नाराज झालेल्या खातेदाराने हरकतीचा अर्ज गुदरला, म्हणजे पहिल्या मोजणीची शहानिशा करण्यासाठी जो वरचा माणूस रवाना होतो तो निमतानदार, आणि त्याची ती दुसरी मोजणी म्हणजे निमताना. शंकू-साखळीचा जमाना तेव्हा सरत आला होता, तरी वडिलांची भिस्त साखळीवर होती. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, साखळीच्या चौरसाचा एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर हा हिशेब मला पाढ्यांबरोबरच पाठ झाला. साखळी वापराने ताणते, कड्या झिजतात, म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी ती प्रमाण मापाशी ताडून पाहण्यात ते कधी हयगय करीत नसत. दोन्ही पक्षकारांपैकी कोणाच्याही घरचे पाणीदेखील घेत नसत. एकदा मी त्यांना विचारले, की एवढ्या मोठ्या शेतात चूक शोधायला आधी कुठे जाता? ते म्हणाले, “बांधावर. शेताच्या मधोमध कधी तंटा होत नाही.”

२०१७ च्या जानेवारीत मी व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज या गावी संशोधक म्हणून दाखल झाले. जेम्स नदीच्या मुखाजवळ वसलेले हे गाव विमानवाहू युद्धनौका आणि पाणबुड्या बांधणाऱ्या गोदीसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे घरमालक, न्हावी, वाणी असा जो कोणी भेटे तो मी गोदीतच नोकरीला असेन असे गृहीत धरून बोलू लागे, आणि मी ‘लॅब’मध्ये काम करते असे म्हटल्यावर तो रक्ततपासणीविषयी चौकशी करी. थॉमस जेफरसन राष्ट्रीय कणवेगवर्धक प्रयोगशाळा हे त्या संस्थेचे पूर्ण नाव. बोलण्यात सारे तिला ‘जे-लॅब’ म्हणतात. पाइनच्या झाडीत विखुरलेल्या बैठ्या इमारतींवरून आत काय चालते याची काहीच कल्पना येत नाही, कारण मुख्य व्यवहार जमिनीखाली आहे. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानासारखा लांबट गोल असा एक बोगदा आहे. त्याच्या दोन सरळ भुजांत नायोबियम धातूची पोकळ पात्रे निरपेक्ष शून्याच्या वर केवळ २ अंश इतक्या थंडीत ठेवलेली असतात, आणि त्यांतून धावणारा इलेक्ट्रॉन प्रत्येक फेरीत सुमारे २.२ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा कमावतो. प्रयोगांचे जुने तीन हॉल बोगद्याच्या एका टोकाला आहेत. त्यांना पाच फेऱ्यांचा इलेक्ट्रॉन मिळतो. चौथा, म्हणजे आमचा हॉल डी, विरुद्ध टोकाला असल्यामुळे तेथे पोहोचण्यासाठी इलेक्ट्रॉनला आणखी अर्धी फेरी मारावी लागते, आणि त्या अर्ध्या फेरीच्या जोरावर त्याची ऊर्जा १२ अब्जांच्या घरात जाते. गावाबाहेर राहणाऱ्याला चालावे जास्त लागते, पण भूकही जास्त लागते, असे आमच्यातले एक जुने तंत्रज्ञ म्हणत.

आम्हांला मात्र इलेक्ट्रॉन नको होता. आम्हांला प्रकाश हवा होता. येणारा इलेक्ट्रॉन मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतक्या पातळ हिऱ्याच्या कापातून पार केला जाई, आणि क्वचित एखादा इलेक्ट्रॉन त्या स्फटिकाच्या विद्युत्क्षेत्रात ठेचकाळून आपली बरीचशी ऊर्जा एका फोटॉनच्या रूपाने सोडून देई. हिराच का, असे मला अनेकांनी विचारले आहे, आणि त्यांच्या मुद्रेवरून सरकारी पैशाच्या उधळपट्टीचा संशय स्पष्ट दिसे. हिऱ्यातील अणूंच्या ओळी काटेकोर शिस्तीत उभ्या असतात, आणि स्फटिक योग्य कोनात धरला तर त्या ओळी एकदिलाने इलेक्ट्रॉनला हिसका देतात. त्यामुळे ९ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या अलीकडे फोटॉनांची संख्या एकाएकी वाढते आणि त्यांपैकी शेकडा ३५ च्या आसपास एकाच प्रतलात कंप पावतात, म्हणजे ध्रुवित होतात. तेथून निघालेला फोटॉन ७५ मीटर अंतर काटून ५ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून गाळला जातो आणि मग ३० सेंटिमीटर लांबीच्या द्रवरूप हायड्रोजनच्या नळीवर, म्हणजे वस्तुतः एखाद्या प्रोटॉनवर, येऊन आदळतो.

त्या फोटॉनची ऊर्जा किती होती हे त्याला अडवून विचारता येत नाही, कारण अडविला की तो संपला. तेव्हा ऊर्जा सोडून दुबळा झालेला इलेक्ट्रॉन चुंबकाने वळवून मापकांच्या एका लांब रांगेवर सोडतात. तो जितका दुबळा तितका जास्त वळतो, आणि तो जेथे पडला त्यावरून त्याच्याजवळ काय शिल्लक राहिले ते कळते. आवक ठाऊक, शिल्लक ठाऊक, म्हणून खर्च ठाऊक. कीर्दीचा हा हिशेब हजारात एक भाग इतका चोख बसतो. अडचण अशी, की इलेक्ट्रॉन गुच्छागुच्छाने येतात, दोन गुच्छांत केवळ ४ नॅनोसेकंदांचे अंतर असते, आणि एकाच वेळी अनेक इलेक्ट्रॉन आपापल्या फोटॉनचे पितृत्व सांगत हजर होतात. खरा कोणता हे एकेकट्या प्रसंगी ठरविता येत नाही. त्यावर तोड अशी काढलेली आहे, की जे मागचे-पुढचे गुच्छ या घटनेशी निःसंशय असंबद्ध आहेत त्यांच्याशीही तिची खोटी जोडणी करून पाहावयाची, अशा खोट्या जोडण्यांची सरासरी काढावयाची, आणि ती मुख्य गुच्छातून वजा टाकावयाची. एकेका साक्षीदाराचे खोटे सिद्ध करता येत नसेल तर एकंदर गावात खोटे किती बोलले जाते ते मोजून तेवढी सूट द्यावी, असाच हा न्याय. आणि तो मला प्रथम फार बेशिस्त वाटला होता.

मेसॉन हा शब्द ग्रीकांच्या ‘मध्य’ या अर्थाच्या शब्दावरून आला. १९३५ साली युकावा यांनी अणुकेंद्रातील कणांना बांधून ठेवणाऱ्या ज्या कणाचे भाकीत केले त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या दरम्यान होते, आणि पाश्चात्त्य शास्त्रज्ञ त्याला ‘मेसोट्रॉन’ म्हणू लागले असता त्यातील ‘ट्र’ला मूळ ग्रीक शब्दात काही आधार नाही, नाव ‘मेसॉन’ असे असावे, अशी हरकत १९३९ साली ज्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात नोंदविली ते होमी भाभा. आपल्याकडे भाभांच्या संस्था सर्वांना माहीत असतात. ही एका अक्षरजोडाची दुरुस्ती फारशी माहीत नसते. त्याच सुमारास देवेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी हे दार्जिलिंगच्या परिसरात उंचावर छायाचित्रणाच्या काचा ठेवून त्यांवर विश्वकिरणांनी उमटविलेल्या रेषा मोजीत होते. महायुद्धामुळे त्यांना चांगल्या प्रतीच्या काचा मिळाल्या नाहीत. १९४७ साली पॉवेल यांच्या गटाने त्याच मार्गाने, अधिक संवेदनक्षम लेपाच्या साहाय्याने पायॉन हा मेसॉन निश्चित केला आणि १९५० चे नोबेल पारितोषिक पॉवेल यांना मिळाले. बिभा चौधुरी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. मी त्या संस्थेच्या ग्रंथालयात बसून अभ्यास केला आहे आणि त्यांचे नाव मला तेथे कोणी सांगितले नाही, ही खंत मी येथे नमूद करून ठेवते.

काचेवर रेघ उमटायची तर कणावर विद्युत्भार हवा. पायॉनचे एक भावंड भाररहित असते. ते जन्मताच, सेकंदाच्या कोट्यंशाचाही कोट्यंश लोटतो न लोटतो तोच, दोन फोटॉन होऊन संपते. १९५० साली बर्कलीला स्टाइनबर्गर, पॅनॉफस्की आणि स्टेलर यांनी प्रकाशाच्या आघाताने हा कण निर्माण करून, त्यातून निघणारे दोन फोटॉन एकाच वेळी पकडून, त्याच्या अस्तित्वाची ग्वाही दिली. माझ्या व्यवसायाची कुळी येथून सुरू होते. पुढच्या वर्षी प्रिमाकॉफ यांनी सुचविले, की जो कण दोन फोटॉनांत फुटतो तो दोन फोटॉनांपासून घडविताही येईल. एक फोटॉन आपण पाठवावयाचा, दुसरा जड अणुकेंद्राच्या विद्युत्क्षेत्राकडून उसना घ्यावयाचा, आणि कण किती सहज घडतो यावरून तो किती सहज मोडतो हे काढावयाचे. आमच्या प्रयोगशाळेतील शेजारच्या गटाने हेच करून भाररहित पायॉनचा आयुःकाल शेकडा दीडच्या अचूकतेने मोजला आणि २०२० साली प्रसिद्ध केला. जन्माची सुकरता मोजून मृत्यूचा वेग सांगणारा हा प्रयोग मला आजही आमच्या स्वतःच्या प्रयोगापेक्षा सुंदर वाटतो, हे मी आमच्या गटाच्या बैठकीत कधी बोलले नाही.

मेसॉनच्या अंतरंगाविषयी जे कुतूहल आहे त्याचे मूळ एका साध्या विसंगतीत आहे. एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क मिळून मेसॉन होतो, हे १९६४ नंतर सर्वमान्य होत गेले. आता पायॉन आणि ऱ्हो हे दोन मेसॉन घ्यावे. दोघांत तेच क्वार्क, तेच प्रतिक्वार्क; भेद इतकाच की पायॉनमध्ये दोघांची परिवलने परस्परविरुद्ध आहेत आणि ऱ्होमध्ये एकाच दिशेला. परंतु पायॉनचे वस्तुमान १४० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि ऱ्होचे ७७५. घरातील दोन माणसांनी तोंडे एकीकडे केली की विरुद्ध केली, एवढ्यावरून घराचे वजन साडेपाच पटींनी बदलावे, आणि त्या दोन माणसांचे स्वतःचे वजन धरले तर ते या सगळ्यात जमेस न धरण्याइतके अल्प असावे! वस्तुमान माणसांत नाही, घरात आहे. त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनांच्या क्षेत्रात आहे. मग ते क्षेत्र केवळ दोरीसारखे निमूट बांधून ठेवते, की तंबोऱ्याच्या तारेसारखे स्वतःही छेडले जाऊ शकते? छेडले गेले तर त्या मेसॉनच्या अंगी परिवलन १, समता ऋण आणि विद्युत्भार-संयुग्मन धन असा एक मेळ येऊ शकतो, जो नुसत्या क्वार्क-प्रतिक्वार्कांच्या जोडीला कितीही फिरविले तरी साधत नाही. असा निषिद्ध मेळाचा मेसॉन सापडणे म्हणजे दोरीने स्वतःच्या हयातीचा दाखला देणे होय. आणि प्रकाशच का, तर फोटॉनचे परिवलन १ असते. प्रोटॉनजवळ येताना तो क्षणभर ऱ्होसारख्याच एका जोडीचे रूप घेऊ शकतो, जिची परिवलने आधीच एका दिशेला असतात, आणि अशी जोडी छेडली तर निषिद्ध मेळ सुलभतेने निघावा, अशी सिद्धांतपंडितांची आशा होती. आशेला कागद पुरतो. मोजणीला हॉल लागतो.

तो हॉल बांधणाऱ्यांमध्ये मी नव्हते. मी आले तेव्हा पंगत मांडून तयार होती. मधोमध २ टेस्ला क्षेत्राचे प्रचंड चुंबकीय वेटोळे, जे कॅलिफोर्नियातील एका जुन्या प्रयोगासाठी घडविले होते आणि मधल्या काळात न्यू मेक्सिकोतही चाकरी करून आले होते. त्याच्या पोटात ३,५२२ नळ्यांचा एक मापक, ज्यातून विद्युत्भारित कणांचे वक्र मार्ग कळतात. त्याभोवती शिशाचे पातळ पत्रे आणि चमकणारे तंतू एकाआड एक दाबून कॅनडातील रेजायना येथे तयार केलेला, सुमारे ४ मीटर लांबीचा ऊर्जामापक, ज्याला आम्ही ‘पिंप’ म्हणत असू. आणि पुढच्या तोंडाशी शिसेमिश्रित काचेच्या २,८०० विटांची भिंत. फोटॉन रेघ सोडीत नाही, म्हणून तो पिंपात किंवा भिंतीत शिरून चमक पाडतो तेव्हाच तो होता असे कळते. शलाकेच्या, म्हणजे बीमच्या, दिशेशी ११ अंशांहून मोठ्या कोनात जाणारा फोटॉन पिंपाचा, त्याहून लहान कोनात जाणारा भिंतीचा, अशी वाटणी होती.

रात्री बारा ते सकाळी आठ ही पाळी तेथे ‘घुबडपाळी’ म्हणून ओळखली जाते, आणि नवख्यांच्या वाट्याला ती मुबलक येते. दोघे जण, डझनावारी पडदे, आणि ताशी भरावयाची एक तपासयादी. हॉलमध्ये कोणी राहिले नाही याची फिरून खात्री केल्यावाचून दार बंद होत नाही, आणि दार बंद झाल्यावाचून शलाका मिळत नाही. बहुतेक रात्री काहीच घडत नाही. हिरव्या रंगाच्या चौकोनांकडे पाहत राहावयाचे, मधूनच यंत्रकक्षातून फोन यावयाचा, मधूनच एखादे पात्र रुसून शलाका बंद पडावयाची, की आम्ही ‘बीम गेला’ असे नोंदवहीत लिहावयाचे, आणि पाच मिनिटांनी ‘बीम आला’ असे लिहावयाचे. एका रात्रीत मी हा मजकूर एकोणीस वेळा लिहिला आहे. वडिलांच्या दप्तरात ‘समक्ष जाऊन पाहिले, पंच हजर, पाऊस असल्याने काम तहकूब’ अशी टिपणे पानोपानी असत, आणि त्यांना कंटाळा कसा येत नसे याचे मला लहानपणी कोडे होते. घुबडपाळीत ते सुटले. कंटाळा येतोच; टिपण त्यासाठीच असते, की कंटाळलेल्या माणसाने काय पाहिले ते जागा झालेल्या माणसाला कळावे.

माझ्याकडे जे काम आले ते असे. फोटॉन प्रोटॉनवर आदळून ईटा आणि भाररहित पायॉन असे दोन मेसॉन निघाले, तर ते दोघेही लगोलग दोन-दोन फोटॉनांत फुटू शकतात. म्हणजे हाती लागतात ते चार फोटॉन आणि एक प्रोटॉन. चार फोटॉनांच्या जोड्या लावून कोणती जोडी ईटाच्या ५४८ ला उतरते आणि कोणती पायॉनच्या १३५ ला, हे पाहावयाचे. मग चौघांना एकत्र करून, ईटा आणि पायॉन मिळून जर एखाद्या क्षणजीवी मेसॉनपासून जन्मले असतील तर त्या आईबापाचे वस्तुमान काढावयाचे. या दोघांच्या परस्पर फिरण्यात कोनीय संवेगाचे एक एकक असेल तर तोच तो निषिद्ध मेळ. मेसॉन कोणी पाहत नाही. त्याच्या वारसांचे जबाब घेऊन त्याची मिळकत ठरवितात.

आलेखावर ९८० आणि १३२० या ठिकाणी अपेक्षित शिखरे उभी राहिली, ती ओळखीची होती. त्यांच्या पलीकडे, १६०० च्या आसपास, उतारावर एक टेकडी दिसली.

१६०० हा आकडा साधा नव्हता. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील प्रयोगाने १९९७ साली १४०० जवळ आणि त्यानंतर १६०० जवळ निषिद्ध मेळाचे दोन मेसॉन नोंदविले होते, आणि त्यांच्या खरेपणाविषयी वीस वर्षे वाद चालू होता. आमच्या भिंतीतील काही विटा तर त्याच ब्रुकहेवनच्या प्रयोगातून आलेल्या होत्या. त्या हिवाळ्यात मी झोपले कमी. सत्तर निरनिराळ्या प्रकारे चाळणी बदलून पाहिली, टेकडी हलली नाही; जेवढी ती स्थिर राहिली तेवढी माझी खात्री वाढत गेली, आणि जेवढी खात्री वाढत गेली तेवढी मी तिला हलविण्याचा खरा प्रयत्न कमी करीत गेले, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. चाळणी कोणती बदलावी हेही मीच ठरवीत होते ना! प्रोटॉन आणि पायॉन मिळून डेल्टा नावाचा जोडकण होतो, त्याची भेसळ येऊ नये म्हणून मी १२३२ च्या आसपासच्या घटना काढून टाकल्या होत्या, आणि ते काढून टाकणे इतके सर्वमान्य होते की सत्तरांत त्या एका चाळणीला मी हातच लावला नव्हता.

आमच्या गटात कोणताही निष्कर्ष बाहेर जाण्यापूर्वी त्याची अंतर्गत तपासणी होते. तिघांची समिती नेमली जाते आणि ती हवे ते विचारू शकते. माझ्या समितीतील एक वयस्क गृहस्थ तासभर काहीच बोलले नाहीत. शेवटी त्यांनी विचारले, “पायॉनचा एक फोटॉन भिंतीत आणि दुसरा पिंपात गेला, अशा घटना तुम्ही वेगळ्या काढून पाहिल्यात का?”

नव्हत्या पाहिल्या. वेगळ्या काढायला एक दुपार पुरली, आणि त्या दुपारी मी जे पाहिले ते समजून घ्यायला दोन महिने लागले. ११ अंशांच्या जवळ, जेथे पिंप संपते आणि भिंत सुरू होते, तेथे फोटॉनची ऊर्जा दोघांत विभागली जाते, काही मधल्या सामानात जिरते, आणि बरेच फोटॉन हिशेबातून गळतात. असे किती गळावेत हे आम्ही संगणकावर घडविलेल्या कृत्रिम घटनांवरून काढतो. मी वापरलेल्या कृत्रिम घटना एका जुन्या तक्त्यावर बेतलेल्या होत्या. त्यात त्या कडेच्या मापकांची कार्यक्षमता प्रत्यक्षाहून चांगली धरलेली होती. त्यामुळे ज्या वस्तुमानाला पायॉनचे फोटॉन नेमके त्या कडेवर पडत तेथे माझा दुरुस्त केलेला आकडा कमी निघे. दुसऱ्या अंगाला डेल्टाची चाळणी खऱ्या घटनांचाही एक घास घेऊन गेली होती. टेकडी कोठे नव्हतीच. तिच्या दोन्ही बाजूंची जमीन खचलेली होती.

त्या रात्री, म्हणजे साताऱ्यास सकाळ असताना, मी घरी फोन केला. वडील निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, आणि मी काय करते हे त्यांना मी वेळोवेळी सांगितले होते, परंतु ते त्यांनी कितपत मनावर घेतले होते ते मला माहीत नव्हते.

“अण्णा, चूक सापडली. बांधावरच होती.”

“साखळी ताडून पाहिली नव्हतीस?”

“पाहिली होती. पण ज्या मापाशी ताडली ते मापच जुनं होतं.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारले, “निमतानदार कोण होता?”

मी त्या वयस्क गृहस्थांविषयी सांगितले. आणि हेही सांगितले, की आभारादाखल मी त्यांना दुसऱ्या दिवशी कॉफी प्यायला नेणार आहे.

“न्यायचं नसतं,” ते म्हणाले. “निकाल लागेपर्यंत तरी.”

मी नेले नाही.

या धंद्यात माझ्यासारख्या टेकड्यांनी दप्तरे भरलेली आहेत आणि त्यांतली काही पुष्कळ मोठ्या माणसांची आहेत. २००३ साली जपानमधील स्प्रिंग-८ येथे फोटॉनच्याच आघाताने पाच क्वार्कांचा एक कण १५४० जवळ दिसल्याचे जाहीर झाले. पाठोपाठ जगातील अनेक प्रयोगशाळांना तो दिसू लागला, आणि दिसणाऱ्यांत जे-लॅबचाही एक गट होता. नंतर त्याच गटाने पुष्कळ अधिक घटना गोळा करून पुन्हा मोजणी केली तेव्हा तेथे काही नव्हते, आणि तसे त्यांनी छापून टाकले. स्वतःच्या मोजणीवर स्वतःच निमताना मागण्याचे हे उदाहरण आमच्याकडे नवख्यांना आवर्जून सांगतात; कौतुकाने सांगतात की धाकाने, ते सांगणाऱ्यावर अवलंबून असते. ब्रुकहेवनच्या दोन कणांचा तंटाही वेगळ्याच रीतीने मिटला. २०१९ साली सिद्धांतपंडितांच्या एका गटाने युरोपातील सर्न येथील कॉम्पास प्रयोगाची आधारसामग्री काटेकोर गणिताने तपासली आणि दाखवून दिले, की १४०० चा आणि १६०० चा हे दोन शेजारी नसून एकच इसम आहे. ईटाबरोबर एके ठिकाणी उभा दिसतो, त्याच्या थोरल्या भावंडाबरोबर, म्हणजे ईटा-प्राइमबरोबर, दुसऱ्या ठिकाणी. एका माणसाच्या नावे दोन सातबारे होते, एवढेच.

आमच्या हॉलमध्ये तो प्रकाशाच्या आघाताने निघतो का, याचे जे उत्तर २०२४ साली गटाने जाहीर केले ते ‘सापडला’ असे नाही आणि ‘नाही’ असेही नाही. ओमेगा नावाचा मेसॉन आणि दोन पायॉन ज्यात निघतात त्या घटना मोजून, तो असलाच तर किती प्रमाणाहून अधिक निघू शकत नाही, ही वरची मर्यादा गटाने ठरविली. तीवरून असे निघते, की ईटा-प्राइमच्या वाटेवर तो मोठ्या प्रमाणात असू शकेल. परंतु ईटा आणि पायॉनच्या, म्हणजे मी ज्या वाटेवर हिवाळाभर जागले त्या वाटेवर, त्याचा वाटा नगण्य असला पाहिजे. माझी टेकडी समितीच्या हातून सुटून प्रसिद्ध झाली असती तर हा कागद वाचताना माझी काय अवस्था झाली असती याचा विचार मी एकदाच केला आणि उठून हॉलभोवती दोन चकरा मारून आले. ‘वरची मर्यादा’ म्हणजे काय हे वडिलांना समजावताना मला जे कष्ट पडतील असे वाटले होते ते पडले नाहीत. “म्हणजे अतिक्रमण असलंच तर इतक्या आण्यांपेक्षा जास्त नाही,” ते म्हणाले. “आम्हीही असंच लिहीत होतो. पक्षकारांना आवडत नाही.”

टेकडीचा तो आलेख मी फाडला नाही. नवीन तक्त्याने काढलेल्या सपाट आलेखाशेजारी तो माझ्या खोलीच्या भिंतीवर लावून ठेवला आहे, आणि त्याखाली तारखांखेरीज काही लिहिलेले नाही. गेल्या वर्षी एक नवा विद्यार्थी कामाला आला. त्याने दोन्ही आलेख बराच वेळ पाहून विचारले, की यांतला बरोबर कोणता? मी त्याला उत्तर दिले नाही. दोन्हींची मूळ आधारसामग्री आणि माझी सगळी टिपणे त्याच्या हवाली केली, आणि ११ अंशांपासून सुरुवात कर असे सांगितले. तीन आठवड्यांनी तो परत आला. ११ अंशांचे सारे बरोबर आहे, तो अदबीने म्हणाला, पण फोटॉनच्या पितृत्वाचे खोटे दावे वजा करताना तुम्ही बाजूचे सहा गुच्छ घेतले आहेत आणि भागले आहे आठांनी, सपाट आलेखातसुद्धा.

मी टिपण काढून पाहिले. सहाच होते. त्याच्याकरिता कॉफी करायला उठले होते, ती बसले.